माळीण : एका उताराचा अभ्यास

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पायथ्याला माळीण हे महादेव कोळी समाजाचं गाव होतं. ३० जुलै २०१४, बुधवार. सकाळी साडेसातच्या सुमारास गावामागचा उतार सुटला आणि काही मिनिटांत चाळीसहून अधिक घरं चिखलाखाली गेली. १५१ माणसं दगावली. बाहेर पहिली खबर पोचवली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या रस्त्याने तो बस घेऊन आला तेव्हा गाव जागेवर नव्हतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान त्यानंतर कितीतरी दिवस भर पावसात चिखल उपसत राहिले. शाळेची इमारत तेवढी शाबूत राहिली.

माळीणचं नाव घेतलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कातळकडा तुटून खाली आल्याचं चित्र उभं राहतं. तसं झालं नव्हतं. कातळ आपल्या जागी राहिला. खाली आली ती त्याच्यावर साचलेली माती, मुरूम आणि त्यांत रुतलेले दगडधोंडे, पाण्याने भिजून पातळ झालेले. हा फरक नीट कळला तर माळीणचं कोडं बरंचसं उलगडतं, आणि सह्याद्रीतल्या दुसऱ्या शेकडो वाड्यांकडे कसं पाहायचं तेही कळतं. म्हणून या प्रकरणाची सुरुवात त्या सकाळपासून करून भागत नाही. ती खडकापासूनच करावी लागते.

कातळ आणि त्याचे थर

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. एक प्रवाह थंड झाला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून आज दख्खनचं पठार उरलं आहे ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचं. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. हा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण.

प्रत्येक प्रवाहाचा खालचा आणि मधला भाग घट्ट असतो. तो थंड होताना आकसतो, त्यामुळे त्यात उभ्या-आडव्या सांधी पडतात. वरच्या भागात लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजं भरतात आणि पांढरे ठिपके असलेला खडक तयार होतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो पहारीला लवकर दाद देतो. काही ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर असतो. एक प्रवाह उघडा पडून झिजला, त्यावर माती झाली, आणि पुढच्या तापलेल्या लाव्ह्याने ती भाजून काढली, अशी ही माती.

घट्ट थर हळू झिजतो, मऊ थर लवकर. त्यामुळेच सह्याद्रीचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. घाटातून एसटीने जाताना खिडकीतून हे सहज दिसतं आणि शाळेच्या सहलीत मुलांना दाखवण्यासारखं याहून चांगलं काही नाही, असं मला वाटतं.

खनिजाची माती कशी होते

बेसाल्टमध्ये मुख्य खनिजं दोन गटांतली. एक फेल्डस्पार, ज्यात कॅल्शियम आणि सोडियम असतं. दुसरं पायरॉक्सीन, ज्यात लोह आणि मॅग्नेशियम असतं. सोबत लोहाची थोडी काळी खनिजं. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांपाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते सांधींतून आत शिरलं की फेल्डस्पारमधलं कॅल्शियम-सोडियम विरघळून जातं आणि मागे चिकणमातीची खनिजं उरतात. पायरॉक्सीनमधलं लोह हवेशी आणि पाण्याशी संयोग पावून गंजतं, म्हणून मुरूम पिवळा-तांबूस दिसतो. सांधींच्या कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी हल्ला होत असल्याने तिथे खडक लवकर कुजतो, पापुद्रे सुटत जातात आणि शेवटी मातीत गोल गोटे शिल्लक राहतात. रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तिथे हे गोटे मुरमात बसलेले हमखास दिसतात.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण पाठ्यपुस्तकात ती ओझरती येते. पोकळ्यांत मागाहून भरलेलं सोडलं तर बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. ग्रॅनाइटमध्ये ते भरपूर असतं, आणि क्वार्ट्झ हे पाण्याला सहसा दाद न देणारं खनिज असल्यामुळे ग्रॅनाइट कुजला की वाळू उरते. बेसाल्ट कुजला की उरते ती बहुतेक चिकणमाती. वाळूतून पाणी झटकन निघून जातं. चिकणमातीतून ते मुंगीच्या पावलांनी सरकतं. म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरची माती जन्मतःच पाणी धरून ठेवणारी आहे. देशावर, कमी पावसाच्या मुलखात, याच बेसाल्टची फुगणारी-भेगाळणारी काळी माती झाली. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, जिथे पावसाने विरघळण्याजोगं सगळं धुऊन नेलं, तिथे जांभा झाला. आंबेगावच्या पश्चिम भागासारख्या डोंगराळ पट्ट्यात या दोहोंच्या मधलं काहीतरी आहे: वर पातळ माती, तिच्याखाली जाड मुरूम, त्याखाली अर्धवट कुजलेला खडक, आणि मग कातळ.

या थरांच्या सीमा महत्त्वाच्या आहेत. माती आणि मुरूम पाणी आत घेतात, सावकाश का होईना. घट्ट कातळ किंवा भाजलेला तांबडा थर ते जवळपास घेतच नाही. त्यामुळे आत गेलेलं पाणी या सीमेवर येऊन अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं वाहू लागतं. जिथे ही सीमा डोंगराच्या अंगावर उघडी पडते तिथे झरा फुटतो.

गाव तिथेच का वसलं

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हा आहे. एवढ्या धोक्याच्या जागी लोक राहिलेच कसे, असा प्रश्न शहरातून फार सहज विचारला जातो. उत्तर जमिनीतच आहे.

डोंगराळ भागात घर आणि शेती करायला तीन गोष्टी लागतात: बऱ्यापैकी सपाट जागा, नांगर चालेल इतकी खोल माती आणि बारमाही नसलं तरी निदान उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकणारं पाणी. कड्यावर यांतलं काहीच नसतं. कड्याखालच्या पायथ्याशी मात्र तिन्ही असतात. वरचा खडक कुजत राहतो, त्याची माती, मुरूम आणि दगड पावसाबरोबर घरंगळत खाली येतात आणि उतार मंदावतो तिथे साचतात. याच पट्ट्यात झरे फुटतात. भाताची खाचरं इथे पडतात, नाचणी-वरई जरा वरच्या उतारावर, हिरडा आजूबाजूच्या रानात. पिढ्यान्पिढ्यांच्या शहाणपणानेच वाडी इथे वसते.

पण याचा दुसरा अर्थ असा, की वाडी ज्या जमिनीवर उभी असते ती जमीनच वरून उतरलेली असते. कधी दरवर्षी चिमूटभर, कधी एका रात्रीत सगळीच्या सगळी. ज्या प्रक्रियेने सुपीक माती दिली, तीच प्रक्रिया अजून चालू असते. ती गावकऱ्यांना दिसत नाही, कारण दोन मोठ्या घटनांमधलं अंतर माणसाच्या आयुष्याहून, कधीकधी गावाच्या आठवणीहूनही मोठं असतं. आजोबा-पणजोबांनी पाहिलं नाही म्हणजे झालं नाही, असा हिशेब डोंगराला लागू पडत नाही. विहीर खणताना किंवा रस्ता कापताना मुरमात वेडेवाकडे, धारदार कडांचे, लहानमोठे दगड कशाही क्रमाने मिसळलेले दिसले, तर तो थर जागच्या जागी कुजलेला नाही, वरून आलेला आहे, हे ओळखता येतं. जागच्या जागी कुजलेल्या मुरमात मूळ खडकाच्या सांधींच्या रेषा अजून ओळखू येतात.

पाण्याचा हिशेब

त्या वर्षी जून कोरडा गेला होता. पाऊस जुलैत धरला. २९ जुलैला माळीण परिसरात १०८ मिलिमीटर पाऊस झाला आणि ३० तारखेलाही तो थांबला नव्हता. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. त्या हिशेबाने १०८ मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर १,०८० घनमीटर, अर्थात १० लाख ८० हजार लिटर पाणी. वजनात १,०८० टन. यातलं काही ओहोळांतून वाहून जातं. बाकीचं जमिनीत शिरतं.

आत शिरलेलं पाणी दोन कामं करतं. पहिलं, वजन वाढवतं. एक घनमीटर कोरड्या मातीचं वजन साधारण दीड टन धरलं, तर पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्यावर ते दोन टनांच्या जवळ जातं. पण खरा घात दुसऱ्या कामाने होतो. खळ्यात भात ओतलं की रास एका ठरावीक उतारावर थांबते, कारण दाणे एकमेकांवर रेलून, घासून एकमेकांना धरतात. मुरमाचा उतारही कणाकणांमधल्या या घर्षणावर आणि चिकणमातीच्या चिकटपणावर उभा असतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. कण एकमेकांवर टाकत असलेला भार कमी होतो, घर्षण घटतं. खाली ओढणारी ताकद वाढलेली आणि धरून ठेवणारी घटलेली, अशी स्थिती एखाद्या पातळीवर आली की वरचा सगळा थर त्या पातळीवरून सुटतो. माळीणसारख्या ठिकाणी अशी पातळी मुरूम आणि कातळ यांच्या सीमेजवळ तयार होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. सुटलेली माती सरकताना घुसळली जाते, तिचा पातळ चिखल होतो आणि वाटेतल्या दगडांना, झाडांना घेऊन तो वेगाने वाहतो. म्हणूनच गावाला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.

भूगोलाच्या पुस्तकात क्षरण आणि विस्तृत झीज यांची गल्लत होऊ नये असं मुलांना सांगतात, ते याचसाठी. पाणी, वारा किंवा हिम मातीचे कण उचलून वाहून नेतात ते क्षरण. विस्तृत झीज म्हणजे गुरुत्वाकर्षणाने उताराचं सगळं साहित्यच खाली येणं. पाणी तिथे वाहक नसतं, ते पकड सोडवतं. ओढ्याला आलेला गढूळ लोंढा हे पहिल्याचं उदाहरण, माळीण दुसऱ्याचं.

आता अवघड प्रश्न. घाटमाथ्यालगत एका दिवसात शंभरावर मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. दर पावसाळ्यात असे दिवस येतात. त्याच दिवशी तसाच पाऊस शेजारच्या डोंगरांवरही पडला आणि ते उभे राहिले. तेव्हा पावसाकडे बोट दाखवून विषय संपत नाही. आधीच्या दिवसांत जमीन किती भिजली होती, जूनच्या कोरडेपणात चिकणमातीला भेगा पडून पाण्याला थेट वाट मिळाली होती का, त्या विशिष्ट उतारावर मुरमाची जाडी किती होती, आणि वरच्या अंगाला पाणी वाहून जात होतं की मुरत होतं, या सगळ्यांची बेरीज लागते.

माणसाचा हात किती

घटनेनंतर सगळ्यांत जास्त वाद झाला तो पडकईवरून. उतारावर दगडी ताल, म्हणजे बांध, घालून, माती भरून खाचरं तयार करायची ही आदिवासी भागातली जुनी सामुदायिक पद्धत; गावकरी आळीपाळीने एकमेकांच्या जमिनीवर राबतात. पुढे सरकारी योजनांतून सपाटीकरणाची कामं आली आणि काही ठिकाणी हाताची जागा जेसीबीने घेतली. माळीणच्या माथ्याकडच्या सपाटीकरणामुळे दरड आली असं काहींनी ठामपणे मांडलं. पडकईचं काम जवळून पाहिलेल्यांनी ते तितक्याच ठामपणे नाकारलं. डिंभे धरणाकडेही बोट दाखवलं गेलं, जंगलतोडीकडेही.

मला यात सरसकट दोषी ठरवणं पटत नाही. पायथ्याच्या मंद उतारावर हाताने रचलेली ताल मातीचं क्षरण थोपवते, दगडांच्या फटींतून जादा पाणी गाळून खाली सोडते आणि भाताला ओल देते. ते उत्तम मृदासंधारण आहे. तेच सपाटीकरण जाड मुरमाच्या तीव्र उताराच्या माथ्यावर, यंत्राने उतार खोल कापून आणि पाण्याला वाट न ठेवता केलं, तर परिणाम उलटा होतो. एरवी धावत निघून जाणारं पाणी सपाट जागी थांबतं आणि आत मुरतं. कापलेल्या बाजूचा आधार जातो, भरलेल्या बाजूची माती भुसभुशीत राहते. एकच काम कुठे केलं यावर त्याचा गुण-दोष ठरतो, आणि सरकारी योजनेच्या कागदावर हे 'कुठे' बहुधा नसतं.

झाडांबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. मुळं वरच्या एक-दोन मीटरची माती बांधून ठेवतात आणि पावसाचा मारा झेलतात, म्हणून जंगल राखलंच पाहिजे. पण सुटणारी पातळी मुळांच्या खाली असेल तर झाडांसकट उतार खाली येतो. वृक्षारोपण केलं की गाव सुरक्षित झालं, असं समजणं धोक्याचं आहे. जंगलाला पाण्याच्या निचऱ्याची जोड लागते.

नवं माळीण

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच्या आमडे इथे नवं गाव बांधलं गेलं. ६७ घरं, शाळा, रस्ते. २ एप्रिल २०१७ रोजी घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि भराव खचला, रस्ते आणि गटारं उखडली, काही बांधकामांना तडे गेले. एकदा सगळं गमावलेल्या लोकांनी भिंतीवरचा तडा पाहिल्यावर त्यांच्या मनाचं काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही.

खडकमातीच्या दृष्टीने मात्र यात गूढ काही नाही. उतारावर वसाहत करताना वरची बाजू कापून ती माती खालच्या बाजूला भरतात. मूळ जमीन हजारो वर्षं दबत आलेली असते. भराव अजून बसलेला नसतो. पहिल्या पावसाचं पाणी त्यात शिरलं की कण जवळ येतात आणि जमीन खचते. म्हणून भराव थर देऊन, दर थराला पाणी मारून रोलरने दाबावा लागतो, आणि शक्य तर बांधकामाआधी त्यावरून एक-दोन पावसाळे जाऊ द्यावे लागतात. वरच्या अंगाने येणारं पाणी वसाहतीला वळसा घालून नेणारे चर आधी खणायचे, घरं नंतर. घाईने केलेल्या पुनर्वसनात हा क्रम उलटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे ज्ञान आपल्या अभियंत्यांजवळ होतं आणि आहे.

माळीण पहिलं नव्हतं आणि शेवटचंही ठरलं नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगावसारख्या गावांवर दरडी आल्या होत्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातल्या तळीये गावावर, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर. तिन्ही वेळा महिना जुलै. एरवी जूनचा पाऊस जमीन भरत आणतो आणि जुलैचा एखादा मोठा दिवस तिला सोडवतो.

आता उतार कसा वाचायचा

भूवैज्ञानिकांनी केलेले दरडप्रवण गावांचे नकाशे हवेतच, पण उतार रोज पाहणारं माणूस गावात असतं, आणि बदल सर्वांत आधी त्याच्याच नजरेला पडतो. उतार सुटण्याआधी बहुधा खुणा देतो. माथ्याकडच्या रानात अर्धचंद्राकार भेग पडते आणि तिच्या खालची बाजू बोटभर खचलेली दिसते. सरळ उभी झाडं, विजेचे खांब, कुंपणाच्या दांड्या एकाच दिशेला कलतात. स्वच्छ वाहणारा झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा भर पावसात आटतो, किंवा कधी नव्हतं तिथे पाणी उफाळतं. घराची दारं चौकटीत अडकू लागतात. झऱ्याची खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. पाणी आत कुठेतरी वाट बदलत आहे हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

वाडीत पर्जन्यमापक हवा. सरळ कडांचं, वर-खाली सारख्या रुंदीचं एखादं भांडं आणि पट्टी एवढ्यावरही काम भागतं. उघड्यावर ठेवायचं, रोज सकाळी एकाच वेळेला मोजायचं, रिकामं करायचं, वहीत लिहायचं. शाळेतली मुलं हे उत्तम करू शकतात. एका दिवसाचा आकडा पाहून चालत नाही. मागच्या तीन, पाच, दहा दिवसांची बेरीजही बघावी लागते, कारण जमीन आधी किती भरली आहे ते तीच सांगते. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की आपल्या उतारावर कोणत्या बेरजेला ओहोळ गढूळ होतात, कुठे बांध फुटतात, हे गावाचं गावालाच कळू लागतं.

पावसाळ्याआधी माथ्यावरचे चर आणि ओहोळांची तोंडं मोकळी करायची, सपाट केलेल्या जागी पाणी तुंबणार नाही असा उतार ठेवायचा. उघडिपीत भेग सापडली तर तिच्यात चिकणमाती ठासून भरायची, वरच्या बाजूने चर काढून पाणी दुसरीकडे वळवायचं, आणि भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून त्यांच्यातलं अंतर दर आठवड्याला मोजायचं. अंतर वाढत असेल तर तहसील कार्यालयाला लेखी कळवायचं. आणि भेग पाऊस कोसळत असतानाच दिसली, तर ती बुजवायला वर जायचं नाही. घरातली म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं घेऊन उताराच्या सरळ रेषेतून बाजूला, आडवं निघायचं.